देव इकडे, नंदी तिकडे: खिद्रापूर-यडूरचा भाग बाबांना घेऊन निवांत कसा बघावा?

धायरीकर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहते. माझ्या बाबांना (वय ७६, गुडघे दुखरे, नजर मात्र अजून शाबूत) घेऊन शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला आणि तिथून पलीकडे कर्नाटकात थोडं आत, असं दोन दिवस जायचं आहे. मुख्य ठिकाण खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. बाकी काय बघावं, किती बघावं आणि काय सोडून द्यावं, हे जाणकारांकडून हवंय.

थोडं मागचं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका पर्यटन कंपनीच्या बसनं आम्ही तिथे गेलो होतो. पहाटे पाचला स्वारगेटहून निघालो. नाश्त्याला तासभर, जेवणाला दीड तास आणि खिद्रापुरात पंचवीस मिनिटं. गाईडनं सगळ्यांना स्वर्गमंडपाखाली गोल उभं केलं, फोटो काढला आणि "चला, नरसोबाच्या वाडीची आरती चुकेल" म्हणत शिट्टी फुंकली. बाबा तेव्हा दक्षिणेच्या दाराजवळच्या शिलालेखासमोर उभे होते. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लेखातली दोन-तीन अक्षरं त्यांना लागली होती, बोट हवेत फिरवून ते पुढचं जुळवत होते, तेवढ्यात शिट्टी. परतीच्या वाटेवर ते गप्पच होते. कात्रजचा बोगदा आला तेव्हा एवढंच म्हणाले, "देवनागरी होतं गं. वेळ असता तर वाचलं असतं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

दुसरं कारण घरचं. बाबांची आई चिकोडी तालुक्यातल्या एका खेड्यातली. सासर मराठी, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलायची, पण चुलीपाशी एकटी असली की कानडीत पुटपुटायची. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि तिचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं. "देव हिकडं, नंदी तिकडं" असं ती कायम म्हणायची. घरात एक चप्पल सापडली आणि दुसरी सापडेना, की हेच वाक्य. आम्हाला ती म्हणच वाटायची. खिद्रापूरला गेल्यावर कळलं, की कोपेश्वरासमोर खरंच नंदी नाही. तो यडूरला आहे, म्हणजे आज कर्नाटकात. बाबांना त्या नंदीपर्यंत न्यायचं आहे.

तर मुक्काम कुठे करावा? देवळात कोणत्या वेळी उजेड चांगला असतो? शिलालेख वाचायचा तर काय तयारी करून जावं? यडूरला गाडीनं जाता येतं का? आणि त्या भागातलं असं काही आहे का, जे बसवाले कधीच दाखवत नाहीत?

कुरुंदवाडी

ताई, मी मूळचा कुरुंदवाडचा, अठरा वर्षं झाली वारज्यात आहे. तुमचं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याहून हायवेनं पेठ नाक्यापर्यंत या. तिथून आष्टा, सांगली, जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी. बाबांसाठी दोनदा थांबत आलात तरी सहा-सात तासांत पोचाल. रेल्वेनं यायचं तर मिरज किंवा जयसिंगपूरला उतरा आणि तिथून गाडी ठरवा. मुक्काम वाडीतच करा. भक्तनिवास साधे असतात, पण स्वच्छ मिळतात. तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवा.

महत्त्वाची गोष्ट रस्त्याची. दिवाळीनंतर आमच्याकडे ऊसतोड सुरू असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला आणि कित्येकदा मागे लाल दिवाही नाही. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला या. कुरुंदवाड ते खिद्रापूर रस्ता अरुंद आहे, घाई करू नका. आणि पावसाळ्यात तर नकोच. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापुरांत आमचा तालुका पाण्याखाली होता. आमच्या घराच्या भिंतीवर २०१९ ची रेघ अजून आहे. माझ्या छातीएवढी.

वाडीत संध्याकाळी पोचलात की पाणी किती आहे ते बघून घाटावर बसा. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम तिथेच आहे. दत्ताच्या देवळाला कळस नाही हे नीट बघा. विजापूरच्या आदिलशहानं हे देऊळ बांधून दिलं अशी परंपरा सांगतात. त्याच्या मुलीची दृष्टी इथे परत आली, अशी कथा आहे. पावसाळ्यात नदी चढते आणि पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तेव्हा त्या पाण्यात अंघोळीला गावोगावची माणसं येतात. पूर आला की शहरात लोक घाबरतात. आमच्याकडे आजी आधी विचारायची, "दक्षिणद्वार झालं का?"

वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. जेवायला कृष्णाकाठची वांगी मिळाली तर भाकरीबरोबर खा.

आता कुरुंदवाड. पटवर्धनांचं संस्थान होतं. घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी म्हणून दाखवतात, तिथे पाच मिनिटं थांबा. ज्या सेनापतीनं औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं स्वस्थ बसू दिलं नाही, त्याच्यापाशी थांबायला बसवाल्यांना वेळ नसतो. शाळेत असताना आम्ही त्याच घाटावर पोहायला शिकलो. शेजारी कोण झोपलंय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

वीरगळवेडा

धायरीकर, आपल्या वडिलांसाठी लिहितो आहे. माझं शिक्षण या विषयातलं नाही. पण पंधरा वर्षं रविवारी शिलालेख आणि वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) बघत हिंडतो आहे, त्यातून जे हाताला लागलं ते सांगतो.

शिलालेख समोरून उजेड टाकून वाचता येत नाही. समोरून टॉर्च मारली की दगड नुसता पांढरा दिसतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा, म्हणजे प्रकाश तिरपा सरकत जातो आणि प्रत्येक खाचेत सावली साठते. अक्षर वर उठून आल्यासारखं दिसतं. आधी डावीकडून, मग उजवीकडून आणि मग वरून, असं करा. डावीकडून न लागलेला काना उजवीकडून लागतो. खडू, हळद, पाणी, तेल, काहीही लावू नका. पूर्वी लोकांनी अक्षरांत चुना भरलेले लेख मी पाहिले आहेत. भरणाऱ्याला जे अक्षर वाटलं तेच कायमचं होऊन बसतं.

आता हा लेख कुणाचा ते सांगतो. कोपेश्वराचं देऊळ १२ व्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातलं. त्यांचा शेवटचा राजा दुसरा भोज. त्याचा देवगिरीच्या यादव सिंघणानं पराभव केला आणि हा मुलूख यादवांकडे गेला. दाराजवळचा लेख त्याच सिंघणाचा, १२१३-१४ सालचा, संस्कृत भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. राजा नवा, पण देव तोच. नव्या राजानं जुन्या राजाच्या देवाला गाव दान दिलं, असा त्याचा आशय. देवळात जुन्या कानडीतलेही लेख आहेत. ते वडिलांना वाचता येणार नाहीत, पण दाखवा जरूर. एकाच देवळाच्या अंगावर दोन्ही लिप्या आहेत.

आणि ही गोष्ट कुरुंदवाडींसाठीही आहे. दान दिलेल्या गावाचं नाव लेखात 'कूडलदामवाड' असं येतं आणि ते मिरिंजी देशात, म्हणजे मिरजेच्या प्रांतात असल्याचं सांगितलं आहे. हेच आजचं कुरुंदवाड, असं अभ्यासक मानतात. 'कूडल' म्हणजे कानडीत संगम. तुमचं गाव संगमावर आहे, हे त्याच्या नावातच सांगितलेलं आहे. आठशे वर्षांत कूडलचं कुरुंद झालं आणि अर्थ पुसला गेला.

जाण्याआधी एक करा. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या किंवा डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करून लेखाचं छापलेलं वाचन मिळवा आणि मोठ्या अक्षरांत झेरॉक्स काढून सोबत न्या. कोरं मन घेऊन दगडासमोर बसण्यात मजा आहे, पण ७६ व्या वर्षी हाताशी पाठ असलेला बरा. घडीचं स्टूल न्या. फरशी अनवाणी चालायची असते आणि दुपारी तापते, म्हणून मोजे असू द्या.

देऊळ बघताना आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. तळाशी गजपट्ट आहे, हत्तींची रांग. ९२ हत्ती मोजतात. बहुतेक लोक हत्तींचे फोटो काढतात आणि हत्तींवर बसलेल्या देवांकडे बघतच नाहीत. प्रत्येक हत्तीपाशी थांबा. सगळं देऊळ त्यांनी पाठीवर पेललंय, असं शिल्पकारानं दाखवलं आहे, आणि एका हत्तीचा पाय दुसऱ्यासारखा नाही.

मग स्वर्गमंडपात जा. ४८ खांब आहेत, त्यांतले १२ गोलात उभे आहेत आणि वर छतच नाही. सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश. बरोबर त्याच्याखाली त्याच मापाची गोल शिळा. कडेला अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले आहेत. काळा बसाल्ट इतका घोटलेला आहे, की काही खांबांत आपली सावली दिसते. सकाळी लवकर गेलात तर देऊळ पूर्वाभिमुख असल्यानं उजेड आतपर्यंत येतो. दुपारी मंडपात ऊन सरळ खाली पडतं आणि गाभाऱ्याकडे एकदम अंधार होतो.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञाला सती निघाली ती नंदीवर बसून. शंकर मागे राहिला, कोपला. त्याचा कोप शांत करायला विष्णू आला, तो धोपेश्वर. सती आणि नंदी गेले ते यडूरला, असं म्हणतात. यडूरचं मोठं देवस्थान वीरभद्राचं आहे, आणि दक्षाचा यज्ञ मोडला तो वीरभद्रानंच. कथेचा अर्धा भाग महाराष्ट्रात राहिला आणि अर्धा कर्नाटकात. यडूर बघितल्याशिवाय खिद्रापूर पुरं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्या आजींनी हे एका वाक्यात सांगून ठेवलं होतं.

पौर्णिमेचा_चंद्र

एकच सुचवते. त्रिपुरी पौर्णिमेला जा. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र बरोबर त्या गोल झरोक्यावर येतो आणि खालची शिळा उजळून निघते. मी एकदा अनुभवलंय, आयुष्यात विसरणार नाही.

कुरुंदवाडी

पौर्णिमेचं खरं आहे, पण ताई, बाबांना घेऊन त्या रात्री नको. पाय ठेवायला जागा नसते, जो तो मोबाईल वर धरून उभा असतो. त्यांना लेख वाचायचा आहे. साधा बुधवार-गुरुवार बघून या.

वीरगळवेडा साहेब, तुमचा निरोप मी आईला फोनवर वाचून दाखवला. "कूडल म्हणजे संगम" म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बरोबरच की. त्यात काय नवीन?" तिचं आजोळ अथणीकडचं. तिला ठाऊक होतं, आम्ही कधी विचारलंच नाही.

वीरगळांबद्दलही लिहा ना. आमच्याकडे वेशीवर दोन उभे आहेत, शेंदूर लावून त्यांना म्हसोबा म्हणतात.

वीरगळवेडा

शेंदूर असला तरी असू द्या, माणसं निदान जपतात तरी. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरं वाचवताना आलेलं मरण. गाई कोरलेल्या असतील तर तो गुरं सोडवताना गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला धरून नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. सगळ्यात वर कळस, आणि बाजूला चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची आठवण राहील. शेजारी कोपरातून वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा.

ही माणसं राजे नव्हती. कुणाच्या तरी गावची गुरं परत आणायला गेलेली माणसं होती. तुमच्या वेशीवरच्या दगडांत खालच्या चौकटीत काय आहे, तेवढं पुढच्या खेपेला बघून सांगा.

मिरजेची

परतीच्या वाटेवर मिरज आहे, दोन तास काढा. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ ला गेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. पुण्यात डिसेंबरात ज्यांच्या नावानं महोत्सव भरतो, ते हेच. कानडी मुलखातली गाणारी माणसं मिरजेवरून पुण्यात आली, असं म्हटलं तरी चालेल. बाबांना गाण्याची आवड असेल तर इथे नक्की थांबा. जवळच सतारमेकरांची गल्ली आहे. भोपळे टांगलेले दिसतील. आम्ही लहानपणी शाळेत जाताना त्या गल्लीतून जायचो. रंधा चालवता चालवता मधेच कुणीतरी तार छेडून बघायचं, तो आवाज अजून कानात आहे. कारागीर हातातलं काम दाखवतात, फक्त आधी विचारा.

चंदगडी

सीमाभाग म्हटला की आमचं चंदगड-गडहिंग्लजही त्यात येतं. नेसरीला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, २४ फेब्रुवारी १६७४. स्मारक आहे. सामानगड आहे. पारगडावर तर गाव नांदतंय. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा तिथले पहिले किल्लेदार, आणि त्यांचे वंशज आजही गडाशी नातं राखून आहेत. पण ताई, हे या खेपेत कोंबू नका. पारगडाला पायऱ्या आहेत, गुडघ्यांना त्रास होईल. वेगळे या, आम्ही आहोत.

धायरीकर

मंडळी, जाऊन आलो. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत, म्हणून काय झालं ते लिहिते.

संक्रांतीनंतरच्या बुधवारी निघालो. पहिल्या दिवशी नुसती वाडी. घाटावर बाबा दीड तास बसले. पाणी खाली उतरलेलं होतं, पायऱ्यांवर गाळाची बारीक नक्षी वाळली होती. देवळाला कळस नाही, हे मी याआधी तीनदा येऊनही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला खिद्रापुरात. आवारात आम्ही, झाडणाऱ्या एक मावशी आणि राखण करणारे काका, एवढेच. वाटेत दोन्हीकडे ऊस आणि वर धुकं. आधी बाहेरून फेरी मारली, प्रत्येक हत्तीपाशी थांबत. पन्नासच्या पुढे मोजणी चुकली, तेव्हा सोडून दिली. एका हत्तीच्या पायाशी कुणीतरी बाण काढून दोन नावं खरवडली आहेत. बाबांनी त्यावर तळहात ठेवला, शाळेत फळा पुसायचे तसा एकदा फिरवला आणि पुढे गेले.

मग शिलालेख. घडीचं स्टूल मांडलं, मांडीवर झेरॉक्स. मंडळाच्या ग्रंथालयात बाबा स्वतः आले होते आणि तिथेच अर्धा दिवस बसून त्यांनी लेखाची एक प्रत हातानं उतरवून घेतली होती. मी टॉर्च भिंतीला टेकवून डावीकडून धरली. वीरगळवेडा, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. आधी नुसते खड्डे दिसत होते. मग टॉर्च बोटभर सरकवली आणि एक आडवी रेघ उठली, तिच्याखाली दंड, मग वेलांटी. बाबा "थांब, थांब, हलवू नकोस" म्हणाले. माझा हात भरून आला होता, तरी हलवला नाही. राखणदार काका मागे येऊन उभे राहिले. जरा वेळानं त्यांनी माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि म्हणाले, "बसा ताई, मी धरतो."

एक तास चाळीस मिनिटं लागली. सगळा लेख लागला नाही. काही ठिकाणी दगड झिजलाय, काही ठिकाणी बाबा आणि झेरॉक्स यांचं जमलं नाही. पण 'कूडल' सापडला. बाबांनी आधी 'ड' ओळखला, मग मागे येऊन 'कू'. पेन्सिलीनं कागदावर गोल केला आणि खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई कूडलसंगमाला जाऊन आली होती. बसवेश्वरांच्या. मी तिसरीत होतो. मला वाटायचं, कूडल नावाच्या गावातला संगम." थोड्या वेळानं परत, "म्हणजे संगम-संगम."

काकांना त्यांनी विचारलं, तुमचं गाव कोणतं. ते म्हणाले, "नदीपल्याड जुगूळ हाय न्हवं, बायको तिथली. मी हितला." आणि हातानं दाखवलं. नदी तिथून लांब नव्हती. त्या हाताच्या रेषेत मधे राज्याची हद्द आहे, हे मला नकाशामुळे माहीत. त्यांनी दाखवली ती सासुरवाडी.

स्वर्गमंडपात आम्ही शेवटी गेलो. मागच्या वेळी तिथे चाळीस माणसांत उभी होते. या वेळी बाबांना गोल शिळेच्या कडेला स्टुलावर बसवलं. वरून पोपटांचा थवा त्या गोलातून इकडून तिकडे गेला, डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ. समोरच्या खांबात बाबांचा पांढरा सदरा दिसत होता.

दुपारी यडूर. गाडीनं सहज जाता येतं, रस्ता विचारत विचारत गेलो. दुकानांच्या पाट्या मराठीच्या कानडी झाल्या, बाकी ऊस तोच आणि ट्रॉल्याही त्याच. वीरभद्राचं दर्शन घेतलं आणि मग नंदीपाशी आलो. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात झेंडूची माळ. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इथे यायला आजीला कधी जमलं होतं का, ते आता सांगणारं कुणी नाही.

बाहेर आल्यावर बाबांना तहान लागली. कट्ट्यावर फुलं विकणाऱ्या एक बाई होत्या. मी पुढे होणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "नीरु कोडि." मी उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून कानडी शब्द ऐकला नव्हता. बाईंनी कळशीतून तांब्या भरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "घ्या की अण्णा, बसून प्या."

येताना मिरजेला थांबलो. खाँसाहेबांच्या कबरीपाशी बसलो. सतारीची गल्ली गुरुवारी संध्याकाळी बंद होत आली होती, एका दुकानात एक आजोबा भोपळ्याला पॉलिश करत होते, तेवढं बघितलं. मिरजेची ताई, पुढच्या खेपेला सकाळी येऊ. कुरुंदवाडी, तुमच्या घाटावर संताजींच्या समाधीला झेंडूची दोन फुलं तुमच्या वतीनंही ठेवली.

तुमच्या वेशीवरचे दगडही बघितले. विचारत गेलो. डावीकडच्याला शेंदराचा जाड थर आहे, काही दिसत नाही. उजवीकडच्याच्या खालच्या चौकटीत तीन गाई आहेत. मधल्या गाईनं मान मागे वळवली आहे.

आता एक नवी अडचण आहे, म्हणून परत तुमच्याकडे आले. परतीच्या वाटेवर बाबा गाडीत ओंदु, एरडु, मूरु (कानडीत एक, दोन, तीन) करत होते. एंटुपर्यंत, म्हणजे आठपर्यंत आले, पुढे अडले आणि कराड येईपर्यंत तेच घोळवत राहिले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या मुलाकडून मोबाईलवर कानडी मुळाक्षरं काढून घेतली आहेत आणि वहीत गिरवत आहेत. देवळातल्या दुसऱ्या लेखांचे फोटो समोर ठेवून बसतात, पण ते जुन्या कानडीतले, आजच्या अक्षरांशी जुळत नाहीत. पुण्यात हळेकन्नड लिपी शिकवणारं कुणी आहे का? शक्यतो सिंहगड रस्त्याच्या बाजूला, आणि जिना नसलेलं.